बोरघाट ते एम-वन: रेडिएटरच्या पंख्याची गोष्ट

शाळांना सुट्ट्या लागायला आता थोडेच दिवस उरलेत. मिल्टन कीन्समधल्या आपल्या मराठी घरांत सध्या तीन विषय चालू आहेत. भारतातून आई-बाबा कधी येणार, यंदा मोटरहोम घ्यायची का, आणि घेतली तर स्कॉटलंडला जायचं की कॉर्नवॉलला. या मोटरहोमबद्दल एक तक्रार मात्र बऱ्याच जणांकडून ऐकू येते. मोटरवेवर डॅशबोर्डचा एसी छान गार हवा देतो. गाडी रांगेत अडकली किंवा चढाला लागली की तोच एसी कोमट हवा फेकायला लागतो. गॅरेजवाला गॅस भरून देतो, पैसे घेतो, आणि पुढच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा तेच.

आजच्या भागात या तक्रारीचा इतिहास सांगणार आहे. दोष पुष्कळदा गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसलेल्या एका पंख्यात असतो. तो पंखा कोणाच्या हुकमानं फिरतो, हे गेल्या शंभर वर्षांत बदलत गेलंय. आधी इंजिन त्याचा धनी होतं, मग एक छोटा स्विच आणि आता कॉम्प्युटर. हा बदल समजला की गॅरेजमध्ये नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला कळेल. आणि मागच्या सीटवर सत्तरीचे आई-बाबा बसलेले असतील, तर हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

आधी थोडं मूळ गणित. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात जाते. ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतं, नळ्यांना लागून असलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा जातो आणि उष्णता बाहेर पडते. गाडी वेगात असेल तर वारा फुकट मिळतो. गाडी हळू किंवा उभी असेल तर तो पंख्यानं ओढून घ्यावा लागतो.

मोटारीच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत बहुतेक गाड्यांचा हा पंखा पट्ट्यानं इंजिनाशी बांधलेला होता. तोच आपला फॅन बेल्ट. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर समोरून भरपूर वारा येत असताना पंखा उगाच गरगरत ताकद खायचा, आणि रांगेत उभं असताना, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हा तो सुस्त.

ही अडचण आपल्या लोकांनी सगळ्यात जास्त पाहिली ती घाटात. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० मध्ये, बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढली. ज्या धनगरानं घाटाची वाट दाखवली असं लोक सांगतात, त्या शिंग्रोबाचं देऊळ जुन्या रस्त्यावर आजही आहे. तिथे नाणं टाकून पुढे जाण्याची ड्रायव्हर मंडळींची रीत तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल.

तो रस्ता आखला तेव्हा मोटार कोणाच्या स्वप्नातही नव्हती. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते, वळणावळणांनी, आणि पुढे कायम एखादा मालानं भरलेला ट्रक. इंजिन पूर्ण ताकदीनं काम करतंय आणि गाडीचा वेग सायकलचा. समोरून वारा जवळजवळ नाहीच. त्यात भर म्हणजे लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. मे महिन्यात घाटात कडेला बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या दिसायच्या, त्याचं कारण हे सगळं एकत्र येणं.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. पुढे एसटीनं खंबाटकी, कसारा, कुंभार्ली, आंबा हे घाट लोकांच्या रोजच्या प्रवासात आणले. ड्रायव्हरला पंख्याचा वेग बदलता येत नव्हता. म्हणून तो बाकी सगळं बदलायचा. चढ लागण्याआधीच खालचा गियर टाकायचा, म्हणजे इंजिन आणि त्यासोबत पंखा जोरात फिरेल. पुढच्या ट्रकला चिकटून न जाता अंतर ठेवायचा. काटा वर जायला लागला की जागा बघून थांबायचा, पण इंजिन लगेच बंद करायचा नाही, कारण इंजिन थांबलं की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात आणि आतली उष्णता आतच अडकते. गाडीला थोडा दम द्यायचा, पाणी पाजायचं आणि मग निघायचं. पंखा इंजिनाचा गुलाम असला तरी सगळी अक्कल ड्रायव्हरच्या डोक्यात होती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरची पहिली मोटार याच जातीची होती. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० गाड्या तयार होऊ लागल्या. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मूळ गाडी इटलीत १९५३ मध्ये आलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस. आपल्या ओळखीच्या पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चालायचा, आणि लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत पाण्याचा कॅन आणि जादा फॅन बेल्ट ठेवणं हा संसाराचा भाग होता. फियाट हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. मिल्टन कीन्स हे नवं शहर म्हणून १९६७ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आठ वर्षं आधी, २ नोव्हेंबर १९५९ रोजी, वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी एम-वनचा पहिला मोठा टप्पा खुला केला. वॉटफर्डजवळून निघून नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या क्रिकपर्यंत जाणारा हा रस्ता आपल्या न्यूपोर्ट पॅग्नेलच्या अंगावरूनच जातो. आपण ज्या जंक्शन १४ वरून लंडनच्या विमानतळांकडे वळतो, तोच हा भाग. साधारण ५५ मैलांचं हे काम १९ महिन्यांत झालं होतं, आणि उघडला तेव्हा या रस्त्यावर वेगमर्यादाच नव्हती. ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली.

लोकांनी हौसेनं गाड्या पळवल्या, आणि सुरुवातीच्या दिवसांत कितीतरी गाड्या कडेला वाफ सोडत उभ्या राहिल्या. इथे घाट नव्हता, मे महिना नव्हता, वारा तर हवा तेवढा होता. मग पाणी का उकळलं? त्या काळच्या घरगुती गाड्या गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांसाठी बनलेल्या होत्या. थोडं पळायचं, थोडं थांबायचं. तासभर सलग पूर्ण जोरात पळण्याची त्यांना सवय नव्हती. इतकी उष्णता सतत बाहेर टाकायला त्यांचे रेडिएटर अपुरे पडले.

बोरघाटातली उकळी आणि एम-वनवरची उकळी यांतला हा फरक नीट लक्षात घ्या, कारण आजही दोष शोधताना पहिला प्रश्न हाच असतो. गाडी हळू असताना तापते, तर वारा कमी पडतोय, म्हणजे पंख्याकडे बघा. गाडी वेगात असताना तापते, तर पंख्याचा संबंध जवळजवळ नाही. मग रेडिएटर तुंबलाय का, पाणी कमी आहे का, थर्मोस्टॅट पूर्ण उघडतोय का, हे बघायचं.

पंखा इंजिनापासून सुटला तो एका वेगळ्याच कारणानं. एम-वन उघडला त्याच वर्षी, ऑगस्ट १९५९ मध्ये, ॲलेक इसिगोनिस यांची मिनी बाजारात आली. आत जागा वाढवण्यासाठी त्यांनी इंजिन आडवं बसवलं. आता इंजिनाचं तोंड चाकाकडे आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे. पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येणार कसा? मिनीत त्यांनी रेडिएटरच बाजूला, चाकाच्या कमानीपाशी नेला आणि पंखा पट्ट्यावरच ठेवला. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी १२८ या गाडीत इंजिन आडवंच ठेवलं, रेडिएटर मात्र पुढे वाऱ्यात आणला आणि त्याला विजेच्या मोटरवर चालणारा पंखा लावला. पाणी ठराविक तापमानाला पोचलं की एक स्विच पंखा चालू करायचा, गार झालं की बंद. पुढे हीच मांडणी जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. भारतात बहुतेकांना ती भेटली मारुती ८०० मध्ये, डिसेंबर १९८३ पासून. सिग्नलला इंजिन मंद असतानाही तिचा पंखा पूर्ण वेगानं फिरू शकायचा. पद्मिनीला ते कधी जमलं नाही.

अमेरिकेतून ऐकणाऱ्यांसाठी एक जोड. तुमच्याकडच्या मोठ्या, पुढे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटरहोममध्ये अजून इंजिनावरचाच पंखा सापडतो, मधे सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची धातूची गुंडाळी वाकते, तेल आत शिरतं आणि पंखा इंजिनाला घट्ट जोडला जातो. चढावर अचानक घोंघावणारा आवाज येतो तो हाच. तो आवाज पूर्वी यायचा आणि आता येत नाही, तर क्लच गेला असण्याची दाट शक्यता. मागे डिझेल इंजिन असलेल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत पंखा तेलाच्या दाबावर फिरतो आणि रेडिएटरही मागेच असतो. तिथे तेलकट धुळीचा थर बसतो, आणि पुढून बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

आता एसीकडे येऊ. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच बसवलेला एसी देऊ केला. त्याची गार करणारी पेटी मागे डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! १९५४ मध्ये नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली. तिचा कॉम्प्रेसर क्लचनं जोडता-सोडता यायचा आणि गार हवा डॅशबोर्डमधून यायची. आजचा डॅशबोर्डचा एसी त्याच वंशातला.

एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती बाहेर टाकण्याचं काम कंडेन्सर करतो, आणि तो बसवला गेला रेडिएटरच्या पुढ्यात, कारण वारा तिथेच मिळतो. याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे, रेडिएटरला आता आधीच तापलेली हवा मिळू लागली, आणि कॉम्प्रेसरनं इंजिनावरचा भारही वाढवला. घाट लागला की बाबा एसी बंद करायला सांगायचे, त्यामागे पेट्रोलची काटकसर असेलही, पण हे कारण पक्कं होतं. दुसरा परिणाम म्हणजे, एका पंख्याला आता दोघांचं ऐकावं लागलं. पाणी तापलं तरी त्यानं फिरायचं, आणि एसीच्या गॅसचा दाब वाढला तरी फिरायचं. हा मेळ घालायला आता कॉम्प्युटर असतो. आमच्या आयटीत दोन विभाग एकाच सर्व्हरवर अवलंबून असले की बिघाडाचा दोष नेहमी भलत्याच विभागावर येतो. इथेही तेच होतं.

कसं ते सांगतो. अनेक युरोपीय व्हॅनच्या पंख्याला दोन वेग असतात. पूर्ण वेगासाठी वीज थेट मोटरला जाते आणि कमी वेगासाठी ती एका रेझिस्टरमधून जाते. हा रेझिस्टर पंख्याजवळच असतो, पाणी, मीठ आणि उष्णता खात. एक दिवस तो जळतो. आता पंख्याला पूर्ण वेग आहे, कमी वेग नाही. एसीला साधारणपणे कमी वेगच लागतो, तो मिळत नाही. गाडी उभी राहिली की कंडेन्सरवरून वारा जात नाही, गॅसचा दाब वाढत जातो आणि सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर बंद पडतो. आत कोमट हवा. इंजिनाचं पाणी फार तापलं की पंखा पूर्ण वेगानं लागतो, त्यामुळे तापमानाचा काटा कधी लाल रेषेत जात नाही आणि कोणाला पंख्याचा संशय येत नाही. मोटरवेवर गेलं की वारा मिळतो आणि एसी पुन्हा गार. आमच्या जुन्या मोटरहोममध्ये अगदी हेच झालं होतं. एका गॅरेजनं एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकनं पुढची जाळी काढून जळका रेझिस्टर हातात दिला.

मोटरहोममध्ये हे जास्त का होतं, त्याचीही मुळं इतिहासात आहेत. कॅम्परव्हॅनची लाडकी पूर्वज म्हणजे १९५० ची फोक्सवॅगन टाइप २. तिला रेडिएटरच नव्हता. मागच्या इंजिनावर पंखा सरळ हवा मारायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या घराण्यातही पाण्यानं गार होणारी इंजिनं आली. इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि मधे लांबच लांब नळ्या. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, फियाटची ड्युकाटो आली. इटलीतल्या आतेस्सा इथे बनणारी ही व्हॅन युरोपातल्या बहुसंख्य मोटरहोमचा पाया झाली. कुर्ल्याच्या पद्मिनीची ही इटालियन नात म्हणा.

पण ड्युकाटो ही मुळात सामानाची गाडी. तिचा डॅशबोर्डचा एसी पुढच्या दोन-तीन माणसांच्या केबिनसाठी मोजलेला. मोटरहोम बनवणारी दुसरी कंपनी त्या केबिनची मागची भिंत काढते आणि सहा-सात मीटरचं घर जोडते. एसी तेवढाच राहतो. म्हणजे सगळं ठीक चालत असतानाही मागच्या सीटवर गारवा पोचत नाही, आणि ती उणीव कुठलंही गॅरेज गॅस भरून दूर करू शकत नाही. शिवाय या गाड्या ब्रिटनच्या ओल्या हिवाळ्यात महिनोन्महिने उभ्या असतात. जोडण्या गंजतात, पंख्याची मोटर जाम होते, एसी न चालवल्यानं त्याची सीलं कोरडी पडतात, आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या फटीत पानं आणि किडे अडकून बसतात.

इथे पूर्वी याचं फारसं काही वाटायचं नाही. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमध्ये कोनिंग्सबी इथे ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये ४० अंश पहिल्यांदाच ओलांडले गेले. आता ऑगस्टमध्ये एम-फाइव्हवर दोन तास अडकणं म्हणजे काय, याचा विचार आधी करावा लागतो.

तर निघण्यापूर्वी काय करायचं? गाडी मोकळ्या जागेत उभी करा, इंजिन आणि एसी चालू ठेवा आणि दोन-चार मिनिटं पुढच्या जाळीपाशी कान द्या. हात आणि ओढणी लांब ठेवा, पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो. पंखा फिरायला लागला आणि डॅशबोर्डची हवा गारच राहिली तर उत्तम. हवा गरम होत गेली तर मेकॅनिकला एकच विनंती करा: गॅस भरण्याआधी दाब मोजा. जास्त दाबाच्या बाजूचा काटा खूप वर चढत असेल, तर गॅस आहे पण वारा नाही. मग फ्यूज, रिले, रेझिस्टर आणि मोटर याच क्रमानं बघायला सांगा. दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील, तर गॅस खरंच कमी आहे आणि गळती शोधायला हवी. कुठला गॅस लागतो ते बॉनेटखालच्या लेबलवर असतं. जुन्या गाड्यांत आर-१३४ए, नव्या गाड्यांत बहुधा आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा भरायचा नाही.

आणि लेक डिस्ट्रिक्ट किंवा वेल्सच्या चढावर काटा वर जायला लागला, तर आपल्या एसटीवाल्यांची पद्धत आठवा. खालचा गियर टाका. एसी बंद करा. खिडक्या उघडून हीटर पूर्ण गरम आणि पूर्ण जोरात लावा. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळाली की थांबा, इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवा, आणि पाणी कमी झालेलं किंवा काटा लाल रेषेत गेलेला दिसला तर मात्र लगेच बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आजच्या गाड्यांत पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते उकळतं पाणी थेट अंगावर येतं. ज्येष्ठ मंडळींना गाडीतून उतरवून सावलीत बसवा, पाणी द्या, आणि मगच ब्रेकडाउनवाल्यांना फोन करा.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यामुळे तुमच्यापैकी काही जण पुढच्या हिवाळ्यात कोकणातही असं चाकावरचं घर घेऊन फिरतील. तिथले घाट तेच आहेत. गाडी ताब्यात घेताना पंख्याचा आवाज ऐकून घ्या, आणि जुन्या रस्त्यानं गेलात तर शिंग्रोबाला आमच्याकडूनही एक नाणं टाका.

तुमच्या घरातल्या घाटाच्या आठवणी आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत सुखरूप प्रवास करा. नमस्कार.